आधी सॉल्व्हर, मग बाकीचं

अगं,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. सिम्युलेशनच्या कामाला संगणक कोणता घ्यायचा, उबंटूवाला (म्हणजे लिनक्स) की विंडोजवाला, की सरळ मॅकबुक? कोण काय म्हणालं ते सगळं लिहिलंस, पण तुला नक्की काय सोडवायचंय ते कुठेच नाही. मग मी उत्तर कशाचं देऊ?

आधी सॉल्व्हर ठरव, म्हणजे गणित सोडवणारं सॉफ्टवेअर. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत जिग-फिक्स्चरची (काम करताना भाग पकडून ठेवणाऱ्या साधनांची) कामं करायची असतील तर सॉलिडवर्क्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर येणारच, आणि ते विंडोजवरच चालतं. तिथे लिनक्सचा झेंडा नाचवू नकोस. प्रवाहाचं गणित करणारं फुकट ओपनफोम वापरणार असशील तर लिनक्स. ॲन्सिस फ्लुएंट (प्रवाहासाठी) आणि अबॅकस (ताण-दाबासाठी) हे सॉल्व्हर दोन्हीकडे चालतात. तिथे बघायचं ते मोठा रन, म्हणजे तासन्‌तास चालणारं गणित, कुठे टाकणार. क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर ना? मग जवळजवळ नेहमी लिनक्सच. नोव्हेंबर २०१७पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांवर दुसरं काही नाहीच.

मॅकबुक डोक्यातून काढ. देखणं आहे, पण ॲन्सिस त्यावर येत नाही, ग्राफिक्स कार्डावर गणित चालवणारं एनव्हिडियाचं कुडाही नाही.

शिकायला डब्ल्यूएसएल २ पुरतं, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय. फक्त केस (एका गणिताच्या सगळ्या फाइलींचा फोल्डर) सी ड्राइव्हवर ठेवू नकोस, लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेव. नाहीतर शेकडो बारक्या फाइली लिहिताना रन रांगतो. विंडोजमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट तिकडे नेलीस की ओळीच्या शेवटी न दिसणारं एक अक्षर चिकटून येतं आणि शेल (लिनक्समध्ये आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून तोंड फिरवतो. फाइलीत 'इनलेट' या नावाचा इंग्रजी आय मोठा की लहान, यावरही लिनक्स अडून बसतं. वैतागशील. वैताग.

मी स्वतः लिनक्सवर बसतो म्हणून असं बोलतो, असं तुझा भाऊ म्हणेलच. इथल्या वर्कशॉपमध्ये मला 'काळ्या पडद्यावाले सर' म्हणतात, म्हणू देत! रात्री लावलेला रन सकाळी चालू दिसला पाहिजे. मशीन कधी रीस्टार्ट होणार ते मी ठरवणार. पण हाही हट्ट माझ्या सॉल्व्हरपायी आहे, तुझा सॉल्व्हर वेगळा असेल तर माझं ऐकू नकोस. माझी उमेदीची वर्षं टूलबारची बटणं पाठ करण्यात गेली. रेसिड्युअल (गणितात उरलेली चूक) कमी व्हायचे का अडले ते लॉगमध्ये वाचायला कोणी शिकवलंच नाही, ती हळहळ अजून आहे.

तर सॉल्व्हर कोणता, मेश (मॉडेलचे तुकडे पाडून केलेली जाळी) किती सेलचं, म्हणजे तुकड्यांचं, आणि रन कुठे टाकणार, एवढं रविवारपर्यंत कळव. रॅमचं मग बोलू. दहा लाख सेलला साधारण एक-दोन जीबी धरून चाल. आणि तोवर दुकानदाराला ॲडव्हान्स देऊ नकोस.