एका वेळी एकच बदल

कोणत्या पदार्थामुळे पोटाला त्रास होतो हे शोधायला निघालात, तर पहिल्याच आठवड्यात गहू, दूध, साखर, चहा सगळं एकदम बंद करू नका. बरं वाटलं तरी कशामुळे ते कळणार नाही. एकच गोष्ट निवडा, दोन-तीन आठवडे सोडा आणि मग पुन्हा खाऊन बघा. हे पुन्हा खाणं बहुतेक जण टाळतात, पण खरं उत्तर तिथेच मिळतं.

मी दूध सोडलं तेव्हा दुपारचं पोट फुगणं थांबलं. पुन्हा कपभर प्यायलो, तर दोन तासांत गुडगुड सुरू! ताक मात्र मला सोसतं, कारण विरजणातले जिवाणू दुधातली काही लॅक्टोज साखर आंबवून टाकतात.

वहीत रोजचं जेवण, झोप, पोट साफ झालं का, एवढं लिहा.

एक कळकळीचं सांगणं. पोळी सोडून ज्वारीच्या भाकरीवर जायचं असेल, तर आधी सीलिॲक आजाराची (यात गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते) रक्ततपासणी करून घ्या. गहू बंद केल्यावर ती केली तर आजार असूनही दिसत नाही, असं होऊ शकतं. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय भात-पोळी कमी करू नका. रक्तातली साखर अचानक उतरू शकते.

आणि नवरात्राच्या उपासात सुरुवात नको. साबुदाणा, शेंगदाण्यांनी सगळाच हिशेब बिघडतो.