सगळ्यांना दरमहा पैसे दिले तर कामाला कोण जाईल, आणि महागाईचं काय?

तुम्ही विचारलंय की सरकारने गरीब-श्रीमंत न बघता प्रत्येकाच्या खात्यात दरमहा ठरावीक रक्कम टाकली, तर लोक आळशी होतील का आणि महागाई भडकेल का. मी तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी वर्गात येतोच. आळसाच्या भीतीत फारसा दम नाही. महागाईच्या भीतीत आहे, पण त्याचं कारण लोक समजतात ते नव्हे.

या विषयावर बोलताना बहुतेक जण फिनलंडचं नाव घेतात. तिथे २०१७-१८ मध्ये २,००० बेरोजगारांना महिना ५६० युरो दिले होते. त्यांनी काम सोडलं नाही, उलट दुसऱ्या वर्षी थोडे दिवस जास्तच केलं. पण दोन हजार माणसांच्या खिशात पैसे आल्याने देशातले भाव हलत नाहीत, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे सापडणार नाही. त्यासाठी इराणकडे जावं लागतं, आणि का कोण जाणे, आपल्याकडे ते कुणी जात नाही.

इराणमध्ये पेट्रोल, डिझेल, वीज, पाव या सगळ्यांवर प्रचंड अनुदान होतं. डिसेंबर २०१० मध्ये अहमदीनेजाद सरकारने ते एका झटक्यात कापलं. कोट्यातलं पेट्रोल लिटरमागे १,००० रियालवरून ४,००० वर गेलं. बदल्यात प्रत्येक माणशी महिन्याला ४,५५,००० रियाल, म्हणजे तेव्हाचे साधारण ४५ डॉलर. आधी फक्त गरिबांना द्यायचं ठरलं होतं, पण गरीब कोण यावरून इतका गोंधळ उडाला की शेवटी मागेल त्याला द्यायचं ठरलं. (आपल्याकडच्या बीपीएल याद्या आठवा.) सात कोटींहून जास्त लोकांना पैसे सुरू झाले.

लोकांनी कामं सोडली? अर्थतज्ज्ञ जवाद सालेही-इस्फहानी आणि त्यांच्या सहकाऱ्याने घरोघरच्या सर्वेक्षणाची आकडेवारी तपासली. एकंदर काम कमी झाल्याचं त्यांना दिसलं नाही.

चुकलं ते हिशेबात. इंधनाच्या वाढीव दरातून येणाऱ्या पैशातला निम्मा लोकांना आणि बाकीचा उद्योगांना व सरकारी खर्चाला, असं कायद्यात होतं. प्रत्यक्षात वाटपच जमेपेक्षा जास्त झालं आणि तूट मध्यवर्ती बँकेच्या गळ्यात पडली, म्हणजे नवा पैसा छापून भागवावी लागली. त्यात २०१२ ला अमेरिका-युरोपचे निर्बंध आवळले गेले आणि रियाल कोसळला. रक्कम मात्र वर्षानुवर्षं तीच, ४,५५,०००. २०१८ संपताना बाजारभावाने तिचे पाच डॉलरही येत नव्हते. योजना बंद करायचा वाईटपणा कुणालाच घ्यावा लागला नाही, महागाईनेच ती खाऊन टाकली.

म्हणजे पैसा आला कुठून, यावर महागाई ठरते. कर लावून किंवा दुसरा खर्च कापून वाटला तर मागणी एका हातातून दुसऱ्या हातात जाते, भाव हलले तरी थोडेच. छापून वाटला तर इराण.

आता आपलं गणित मांडून बघा. १४० कोटी लोकांना महिना फक्त हजार रुपये दिले तरी वर्षाला १६.८ लाख कोटी लागतात. केंद्राचा २०२५-२६ चा अख्खा अर्थसंकल्प सुमारे ५० लाख कोटींचा. तेव्हाचे केंद्राचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत अशाच योजनेसाठी माणशी वर्षाला ७,६२० रुपये धरले होते, तेही ७५ टक्के लोकांनाच. तरी खर्च जीडीपीच्या ४.९ टक्क्यांवर गेला.

आळसाबद्दल एक घरचं सांगतो. माझा भाऊ शेती करतो. त्याची तक्रार अशी की ‘लाडकी बहीण’चे दीड हजार सुरू झाल्यापासून कांदालागवडीला बायका मिळत नाहीत. (ती योजना सार्वत्रिक नाही, वयाची आणि उत्पन्नाची अट आहे.) मी त्याला मध्य प्रदेशातला प्रयोग सांगितला. २०११-१२ मध्ये ‘सेवा’ या कष्टकरी महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत प्रौढांना महिना २००, नंतर ३०० रुपये दिले होते. तिथे दारूवरचा खर्च वाढला नाही, काम तर वाढलंच. पण काही लोक दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी सोडून स्वतःच्या तुकड्यात राबायला लागले. मजूर शोधणाऱ्याला हा आळसच दिसणार. भावाला पटलं नाही. मजुरी वाढवून दिल्यावर बायका आल्या, हे मात्र त्याने नंतर कबूल केलं.

तुम्ही शेवटी विचारलंय की रेशन बंद करून त्याऐवजी रोख दिली तर चालेल का. माझं उत्तर नाही असं आहे. माझी आई अर्थशास्त्र शिकलेली नाही, पण कार्ड सोडायला ती कधीच तयार होणार नाही. बाजारात गहू तीस रुपये असो की पन्नास, कार्डावर माणशी पाच किलो धान्य मिळतं. रोख रक्कम दरवर्षी महागाईप्रमाणे आपोआप वाढेल असं कायद्यात लिहून दिलं, तर मी फेरविचार करीन. आईचं सांगता येत नाही.