रॉचेस्टरच्या बर्फात ऑल-व्हील-ड्राइव्ह सेडान पुरते का?

प्रश्न: "डलासहून रॉचेस्टरला (न्यूयॉर्क) बदली झाली आहे. २०२१ ची सुबारू लेगसी, २.५ लिटरची, चांगल्या भावात मिळते आहे. ऑफिसातले सगळे सांगतात की एसयूव्हीच घे. सेडान तिथल्या बर्फात चालेल का? ऑल-व्हील-ड्राइव्ह असल्यावर वेगळे हिवाळी टायर लागतात का? डिसेंबरात आई-बाबा भारतातून येणार आहेत."

उत्तर:

घ्या. फक्त गाडीच्या किमतीत हिवाळी टायर आणि त्यांच्या वेगळ्या लोखंडी रिमचे साधारण हजार डॉलर आत्ताच धरून ठेवा. बजेट ताणलं जात असेल तर सनरूफवाली सोडून खालचं मॉडेल घ्या, पण टायरचे पैसे वाचवू नका. पुढे जे काही लिहिलंय ते बहुतेक याच एका मुद्द्याभोवती आहे.

माझ्याकडे २०२० ची लेगसी प्रीमियम आहे, म्हणजे तुम्ही बघताय त्याच पिढीची आणि त्याच इंजिनाची. बायकोकडे फ्रंट-व्हील-ड्राइव्ह सेडान आहे, दर हिवाळ्यात हिवाळी टायर चढवलेली. दोन्ही गाड्या एकाच ड्राइव्हवेतून निघतात आणि एकाच उतारावरून सिग्नलपर्यंत जातात, त्यामुळे आमच्याकडे ही तुलना रोजच होत असते.

आधी इथला बर्फ समजून घ्या, कारण डलासला वर्षातून एखादवेळी जे होतं त्याच्याशी याचा काही संबंध नाही. रॉचेस्टरला हंगामात सरासरी शंभर इंचांच्या आसपास, म्हणजे अडीच मीटर बर्फ पडतो. कॅनडाकडून येणारी कोरडी गार हवा ऑन्टारिओ तळ्याच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून जाते, वाफ उचलते आणि किनाऱ्यावर येऊन ओतते. हे पट्टे अरुंद असतात. घरी ऊन पडलेलं असतं आणि पाच मैलांवर समोरच्या गाडीचे दिवेही दिसत नाहीत. त्यामुळे "आज हवा बरी आहे, जुन्या टायरवर जाऊन येतो" हा हिशोब इथे चालत नाही.

आता ऑल-व्हील-ड्राइव्हचं. लेगसीत चारही चाकांना ताकद कायम जाते. ट्रान्समिशनमध्ये अनेक चकत्यांचा एक क्लच असतो, तो पुढची-मागची वाटणी दर क्षणी बदलतो. चाक घसरायला लागल्यावर मग मागची चाकं जागी होणार, असा प्रकार नाही. याचा खरा फायदा चढावर थांबून पुन्हा निघताना कळतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्टॉपची पाटी आहे आणि ती नेमकी चढावर आहे. ताज्या बर्फात बायकोची गाडी तिथे हलकेच गॅस देऊन, पुढची चाकं थोडी घासून वर येते. लेगसी काही घडलंच नाही अशी निघते. डावीकडे वळून वाहत्या रहदारीत शिरायचं असतं तेव्हा पटकन निघता येणं ही सुरक्षेची गोष्ट आहे, नुसती सोय नाही.

थांबताना मात्र या यंत्रणेचा काडीचाही उपयोग नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. बर्फावर गाडी थांबवतं ते रबर, आणि साध्या ऑल-सीझन टायरचं रबर ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीत मऊ राहतं आणि नक्षीवर बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. आमच्या उतारावर, सकाळी रस्त्यावर पातळ बर्फ दाबून काचेसारखा झालेला असतो तेव्हा ऑल-सीझनवरच्या लेगसीत ब्रेक दाबला की पायाखाली एबीएसची घरघर सुरू होते आणि गाडी सरळ रेषेत, संथपणे, सिग्नलकडे सरकत राहते. स्टिअरिंग फिरवलं तरी नाक हलायला वेळ लागतो. हिवाळी टायरवर त्याच जागी तीच गाडी थांबते. बायकोची फ्रंट-व्हील-ड्राइव्हही थांबते. "हिवाळी टायरवरची साधी गाडी की ऑल-सीझनवरची ऑल-व्हील-ड्राइव्ह?" असं कोणी विचारलं तर मी डोळे मिटून पहिली घेईन. दोन्ही एकत्र मिळत असतील तर प्रश्नच मिटला, आणि तुम्हाला ते मिळतंय.

मला काळजी वाटते ती हीच की नवीन आलेली माणसं ऑल-व्हील-ड्राइव्हच्या भरवशावर वेग धरतात. गाडी इतक्या सहज निघते की रस्ता किती निसरडा आहे हे अंगाला कळतच नाही, ते पहिल्या ब्रेकला कळतं. इंटरस्टेट ९० च्या खंदकात पडलेल्या गाड्या दर वादळानंतर बघा, त्यात मोठाल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या ढिगाने असतात.

टायर घेताना बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण अशी खूण आहे का ते बघा. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असेल तर त्याच्यावर जाऊ नका. वेगळ्या रिमवर चढवून घेतले तर नोव्हेंबर आणि एप्रिलमधली अदलाबदल घरी जॅक लावूनही होते. त्या रिममध्ये हवेच्या दाबाचे सेन्सर आधीच बसवून घ्या, नाहीतर अख्खा हिवाळा डॅशबोर्डवर पिवळा दिवा जळत राहील आणि खरोखर हवा कमी झाली तर कळणार नाही.

टायरचीच दुसरी गोष्ट गाडी विकणारा सहसा सांगत नाही. या गाडीला चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि जवळजवळ सारखेच झिजलेले लागतात. माझ्या एका टायरच्या कडेला स्क्रू घुसला. कडेचं पंक्चर काढता येत नाही, टायर बदलावाच लागतो. दुकानदार म्हणाला, एक नवा टाकू, काही होत नाही. माझ्या बाकीच्या तिघांची नक्षी ६/३२ इंच उरली होती आणि नव्याची असते १०/३२. आता गणित करा: खोलीत ४/३२ इंचाचा फरक म्हणजे घेरात पाऊण इंचाहून जरा जास्त. सुबारूची मर्यादा पाव इंचाची आहे. लहान घेराचं चाक तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे घेतं, गाडीला ते चाक सतत घसरतंय असं वाटतं, आणि मधला तो क्लच हायवेवर तासन्‌तास घासत, तापत राहतो. टायरचे दीडशे डॉलर वाचवून ट्रान्समिशनचे हजारो घालवायचा हा रस्ता आहे. मी त्या दुकानातून निघालो आणि ऑनलाइन विक्रेत्याकडून नवा टायर बाकीच्यांच्या मापाला तासून मागवला. अशी सोय असते हे माहीत असू द्या. आणि गाडी कधी टो करावी लागलीच, तर चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेडच मागवा.

सेडान कमी कुठे पडते तेही सांगतो. बर्फाच्या खोलीत. लेगसीचं पोट जमिनीपासून जेमतेम सहा इंचांवर आहे, सुबारूच्याच उंच आउटबॅकचं ८.७ इंच. रस्त्यावर हे सहसा जाणवत नाही, कारण इथले प्लाऊ, म्हणजे बर्फ बाजूला सारणारे ट्रक, पहाटेपासून फिरत असतात. जाणवतं ते स्वतःच्या दारात. प्लाऊ रस्ता साफ करत पुढे जातो आणि तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी ढेकळांचा गुडघाभर बांध घालून जातो. तो मऊ नसतो, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाने आणि पाण्याने घट्ट झालेला असतो. त्याच्यावरून सेडान मागे घ्यायला गेलात तर गाडी पोटावर टेकते, चाकं लोंबकळतात आणि मग चारही फिरवून काही उपयोग नसतो. फावडं मारायचं, मगच गाडी काढायची. तुमचं काम पहाटे पाचचं असेल, नर्स किंवा डॉक्टर असाल, किंवा घर गावाबाहेर असेल, तर ऑफिसातल्या लोकांचं ऐका आणि उंच गाडी घ्या. नऊला निघणाऱ्या माणसाला सेडान भरपूर झाली.

त्या बदल्यात मिळतं काय? हायवेवरची शांतता आणि वळणावरचा विश्वास. इंजिन बॉक्सर, म्हणजे सिलिंडर आडवे झोपलेले, त्यामुळे वजन खाली राहतं. हडसन खोऱ्यातून न्यूयॉर्क शहरापर्यंत पाच-सहा तास चालवून उतरल्यावर पाठ बोलत नाही. १८२ हॉर्सपॉवर या वजनाला पुरतात, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. हायवेच्या रॅम्पवर गॅस दाबला की सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेलं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन, इंजिनाला एकाच सुरात ओरडायला लावते. कुठल्याही सीव्हीटीचं हे असंच, सवयीने विसरायला होतं. चपळाई हवी असेल तर २.४ लिटर टर्बोची २६० हॉर्सपॉवरची एक्सटी शोधा, पण ती पेट्रोलही तसंच पिते.

आपल्या गाडीचा अधिकृत आकडा शहरात २७, हायवेवर ३५, एकत्रित ३० मैल प्रति गॅलन. आपल्याकडच्या हिशोबाने लिटरला पावणेतेरा किलोमीटर. उन्हाळ्यात हायवेवर मला ३५ च्या वर सहज मिळतात. जानेवारीत गावातल्या गावात २३-२४ वर येतं, कारण इंजिन तापेपर्यंत ऑफिस येतं आणि हिवाळी टायरही जड चालतात. साधं ८७ ऑक्टेन चालतं.

आयसाइट ही सुबारूची चालकाला मदत करणारी यंत्रणा. तिचे दोन कॅमेरे पुढच्या काचेच्या आत, आरशाच्या दोन्ही बाजूंना असतात. पुढच्या गाडीशी अंतर राखायचं काम ते फार छान करतात, पण नेमक्या जोरदार बर्फात किंवा धुक्यात ते बंद पडल्याची सूचना येते. म्हणजे हवा वाईट झाली की सगळं आपल्या हातात. काच बदलायची वेळ आली तर कॅमेरे नव्याने जुळवून घ्यावे लागतात, तो खर्च वेगळा. मिठाबरोबर पसरलेली खडी इथे काचेवर उडतेच, तेव्हा इन्शुरन्समध्ये काचेचं कव्हर घ्या. आणि उभ्या मोठ्या स्क्रीनवर हीटरची बरीच बटणं असल्यामुळे निघण्याआधीच सगळं लावून ठेवायची सवय करा, जाड हातमोज्यांनी ती दाबली जात नाहीत.

आई-बाबांचं. भारतातून दोघं आले म्हणजे चार मोठ्या बॅगा आल्या. डिकी १५ घनफुटांची आहे. तीन बसतात, चौथी मागच्या सीटवर जाते, म्हणजे विमानतळावर तुम्ही एकट्यानेच जा. मागे पाय ठेवायला जागा मोकळी आहे, माझे सहा फुटी सासरे आरामात बसतात. गुडघ्यांचा विचार मात्र करा. सेडानमध्ये खाली बसावं लागतं आणि उतरताना स्वतःला वर उचलावं लागतं. माझ्या आईला ते जड जातं. बाजूला बर्फाचा ढीग असला की दारही पुरतं उघडत नाही. तिच्यासाठी मी गाडी आधी मोकळ्या रस्त्यावर काढतो, मागची सीट गरम करायची सोय प्रीमियममध्ये नसल्यामुळे तिला पुढे बसवतो, आणि मग निघतो. तुमच्या आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन वगैरे झालेलं असेल तर एकदा कोणाच्या तरी सेडानमध्ये त्यांना बसवून बघता आलं तर बरं, नाहीतर फोनवर मोकळेपणाने विचारा. माझ्या मते उंच गाडी घ्यायचं बर्फापेक्षा हे जास्त पटणारं कारण आहे.

लेगसी आता बंद झाली आहे, २०२५ हे तिचं शेवटचं मॉडेल वर्ष. १९८९ पासून चालत आलेलं नाव गेलं याचं मला मनापासून वाईट वाटतं, पण तुम्ही त्यामुळे अडून राहू नका. प्लॅटफॉर्म आणि इंजिन आउटबॅकचंच असल्यामुळे सुट्या भागांची चिंता लवकर येणार नाही. नव्यात बघायचं असेल तर टोयोटाची ऑल-व्हील-ड्राइव्ह कॅमरी आहे. २०२५ पासून ती फक्त हायब्रिड मिळते आणि मागच्या चाकांना स्वतंत्र विजेची मोटर असते, मधून जाणारा शाफ्टच नाही. बफेलोचा माझा एक मित्र ती चालवतो आणि मायलेजवर बेहद्द खूष आहे. रोजचं अंतर मोठं असेल तर भाव काढून बघा.

२०२१ च्या गाडीला मोठ्या भागांची कंपनीची वॉरंटी पाच वर्षं किंवा ६०,००० मैल, जे आधी होईल ते. ती उरली आहे का हे तारीख काढून बघा. कोणी त्याहून बरीच जुनी लेगसी स्वस्तात दाखवली, तर २०१२ पर्यंतच्या २.५ लिटर इंजिनात हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलचा) त्रास प्रसिद्ध आहे, २०१३ च्या गाड्यांवर तेल पिण्यावरून सामुदायिक दावा होऊन तडजोड झाली होती, आणि २०१० ते २०१५ च्या सीव्हीटीची वॉरंटी कंपनीलाच दहा वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवावी लागली होती. तुमची गाडी या सगळ्यानंतरची आहे.

बघायला जाल तेव्हा नक्षी मोजायचं छोटं माप खिशात ठेवा, कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतं. चारही टायर मोजा. फरक २/३२ इंच किंवा त्याहून जास्त निघाला तर अशी किती मैल चालवली हे विचारा, आणि उत्तर नीट मिळालं नाही तर गाडी सोडा. रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, गाडी अडखळली किंवा धक्के देत गेली तर तो क्लच दुखावलेला असू शकतो. गाडी इथलीच असेल तर लिफ्टवर चढवून ब्रेकच्या नळ्या आणि मागचा सबफ्रेम (मागच्या चाकांचे भाग धरणारी लोखंडी चौकट) मिठाने किती खाल्लाय ते मेकॅनिकला दाखवायला सांगा. आणि रिकॉलची कामं झाली आहेत का, ते एनएचटीएसए या सरकारच्या रस्ते-सुरक्षा संस्थेच्या साइटवर व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून फुकट कळतं. एवढं करून गाडी पसंत पडली तर टायर ऑक्टोबरातच बुक करा. पहिला बर्फ पडला की दुकानात दोन-दोन आठवडे नंबर लागत नाही.