चाल द्यायच्या आधी कागद

प्रिय बाय,

तुझा व्हॉइस नोट ऐकला. पत्र्यावरच्या पावसात पेटी अर्धी बुडाली आहे, तरी मुखड्याच्या दुसऱ्या ओळीत कोमल निषाद लागतो तिथे चाल पकड घेते, हे ऐकू आलं. म्हणून चालीबद्दल काही लिहीत नाही. लिहितोय ते तू शेवटी चाचरत विचारलंस त्याबद्दल: मालिकेवाले शीर्षकगीताच्या दोन-तीन चाली आधी पाठवायला सांगतायत, करार नंतर, आणि त्यात ‘सर्व हक्क कायमचे’ असेल म्हणतायत. नाही म्हटलं तर काम जाईल का?

कागद झाल्याशिवाय चाल द्यायची नाही. काम गेलं तर जाऊ दे.

आता कारण ऐक. कायद्याने संगीतकार तूच आहेस, स्वरलिपी लिहिलेली असो वा नसो. आणि हक्क दुसऱ्याकडे जायचे तर ते लेखी आणि तुझ्या सहीनेच जातात. म्हणजे तोंडी दिलेली चाल तुझीच राहते, पण ती तुझी होती हे दाखवणार कशावर? दोन सूर इकडेतिकडे करून तीच चाल दुसऱ्याच्या नावावर वाजली की तू व्हॉट्सअ‍ॅप चाळत बसणार. त्यापेक्षा आधी एका पानाचं पत्र घे. त्यात चालीची नावं, पाठवल्याची तारीख आणि एक ओळ: ‘न निवडलेल्या चालींवर निर्मात्याचा हक्क नाही.’ एवढ्याला नकार देणारा माणूस पुढे मानधनालाही नकारच देतो.

करार आला की चार गोष्टी शोध: कोणती रचना, कोणते हक्क, किती वर्षं, कोणत्या प्रदेशात. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर भारत. म्हणूनच ते ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ आवर्जून लिहितात. यावर घासाघीस कर, पण रॉयल्टीवर घाबरू नकोस. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीपासून चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा गीतकार-संगीतकाराला सोडून देताच येत नाही. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. तुझ्याकडून उलट लिहून घेतलं तरी ते कलम टिकत नाही. पण वाटा घरी चालत येत नाही. त्यासाठी आयपीआरएसची, म्हणजे रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या कॉपीराइट सोसायटीची, सभासद हो आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदव. हे तुझ्या वयाची मुलं ‘नंतर बघू’ म्हणून टाकतात, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. तुझ्या हयातीनंतर साठ वर्षं टिकणारा हक्क आहे हा, आणि फॉर्म भरायला एक दुपार लागते.

गीतकार तुझी मैत्रीण आहे म्हणालीस. मग तर आधीच कागद. शब्द तिचे, चाल तुझी, कायद्यात या दोन वेगळ्या रचना आहेत. तू एक ओळ सुचवली असशील तर तिला विचारून टक्के आत्ताच ठरवा, बेरीज शंभर, खाली दोघींच्या सह्या आणि तारीख. गाणं गाजल्यावर हे बोलणं अवघड होतं.

जाखडी नाचाच्या अंगाची ती दुसरी चाल सुंदर आहे, पण तिचं धृपद गावच्या बारीत, म्हणजे जाखडीच्या सामन्यात, वाजतं. तिथे ‘पारंपरिक चाल, संगीत संयोजन’ असंच लिही. अंतरा तुझा आहे, तो तुझ्या नावावर. जे आपलं नाही ते आपलं म्हणायचं नाही, हाही कागदाचाच भाग.

आता कामाचं. शीर्षकगीत चाळीस सेकंदांत बसवायचं तर आधी दोन मिनिटांचं गाणं करून कापू नकोस. तसं कापलं की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, मालिकेच्या नावाच्या पाटीवर पडतच नाही. लय 96 धर, म्हणजे मिनिटाला 96 मात्रा: चाळीस सेकंदांत बरोबर 64, म्हणजे आठ मात्रांच्या केरव्याची आठ आवर्तनं. सहा मात्रांचा दादरा हवा तर 90 धर: 60 मात्रा, दहा आवर्तनं. शेवटचं आवर्तन शब्दांविना ठेव. पार्श्वसंगीतात लय 100 किंवा 125 घे. आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला 25 फ्रेमचं. 100 ला एक मात्रा पंधरा फ्रेम, 125 ला बारा. 120 ला साडेबारा येतात आणि संकलकाचा कट अर्ध्या फ्रेमवर अडतो.

ध्वनीच्या फायली 48 किलोहर्ट्झ सॅम्पल रेटच्या, 24 बिट. तुझ्या 44.1 च्या फायली तिकडे चुकून 48 म्हणून वाचल्या गेल्या तर चाळीस सेकंदांचं गाणं पावणेसदतीस सेकंदांत संपतं आणि पेटीच्या पांढरी चारचा सूर काळी तीन आणि पांढरी पाचच्या मधे कुठेतरी लागतो. आवाज, ताल, मुख्य वाद्य आणि भरणा वेगवेगळे दे, कारण संवादाखाली त्यांना गायकाचा आवाज वगळून वाजवायचं असतं. सोबत क्यू शीट, म्हणजे वापरलेल्या संगीताची यादी: भाग क्रमांक, तुकड्याचं नाव, संगीतकार, सेकंद, शीर्षक की पार्श्वसंगीत. ते निर्मात्याने भरायचं असतं, तरी तू भरून पाठव. त्यात नाव चुकलं की रॉयल्टी दुसरीकडे जाते किंवा पडून राहते.

मुंबईला राहायला जाण्याची घाई नको. फायली रत्नागिरीहून जातात. बैठकीला आणि डबिंगला मांडवी एक्स्प्रेस आहे. मुंबईच्या घरभाड्याचे तेच पैसे यूपीएसवर आणि दोन चांगल्या माइकवर घाल. अशोक पत्कींसारख्यांनी जिंगल, भावगीत, शीर्षकगीत सगळं केलं. तूही गणपतीच्या गाण्यांना कमी लेखू नकोस, पण त्यांचेही कागद कर.

मला या धंद्यात हेकट म्हणतात. अडून बसल्याचा पश्चात्ताप मला एकदाही झालेला नाही. तोंडी देऊन टाकलेल्या चालींचा होतो, आणि दर शिमग्याला होतो. तेव्हा कागदासाठी अडून बसणं हे भित्रेपण आहे असं तुला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. काम गेलं तर दुसरं येतं, तुझ्या हातात चाल आहे.

करार आला की सही न करता सगळी पानं मला पाठव, जोडपत्रासकट. रॉयल्टीचं कलम बहुधा जोडपत्रातच असतं. आणि पावसात पेटीचे सूर अडकतायत, तिसरी पट्टी दाबली की उठत नाहीये. ध्वनिमुद्रणाआधी ती उघडून वाळव.

कळावे,
तुझे काका