डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडमध्ये एवढे लोक आले-गेले, मग खरा बँड कोणता? गिटारिस्ट रिची ब्लॅकमोर गेल्यानंतरचं ऐकण्यात अर्थ आहे का?

आहे. ब्लॅकमोर म्हणजेच डीप पर्पल हा समज गिटारवाल्यांनी पसरवलाय. १९६८पासून प्रत्येक अल्बमवर असलेला माणूस एकच, ड्रमर इयन पेस. आणि बँडचा आवाज घडवला तो कीबोर्डवाल्या जॉन लॉर्डच्या हॅमंड ऑर्गनने, म्हणजे विजेवर चालणाऱ्या ऑर्गनने.

मी पुण्यात कॉलेजच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचो. गॅदरिंगसाठी डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर' बसवत होतो. आमचा गिटारिस्ट सगळ्यांसमोर म्हणाला, "यात कीबोर्डचं काय काम? या गाण्याला तू स्टेजवर नको." मी त्याला कॅसेट लावून दाखवली. रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हापुन्हा येणारी ती छोटी धून, गिटारवर सुरू होतो, पण थोड्याच वेळात लॉर्ड तोच रिफ ऑर्गनवर धरतो. ऑर्गन तो मार्शलच्या गिटार ॲम्प्लिफायरमधून वाजवायचा, म्हणून सूर असा खरखरीत फुटतो की लोकांना ती दुसरी गिटारच वाटते. पठ्ठ्याने ऐकलं नाही. गॅदरिंगला मी प्रेक्षकांत उभा होतो आणि रिफ पार पोकळ वाजला. आजही भेटला की ब्लॅकमोरचीच आरती ओवाळतो.

त्याला सांगायचं राहिलेलं इथे सांगतो. १९६९मध्ये गायक गिलन आणि बेसवर ग्लोव्हर आले, तेव्हा आधी गाजला तो लॉर्डने लिहिलेला, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ऑर्केस्ट्रासोबत वाजवलेला कॉन्चेर्टो, म्हणजे बँड आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना. 'इन रॉक' या अल्बमचा दणका १९७०चा. त्यातल्या 'चाइल्ड इन टाइम'ची सुरुवात ऑर्गनची, आणि तो तुकडा 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या अमेरिकन बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग'वरून उचललेला! १९७३मध्ये गिलन आणि ग्लोव्हरच्या जागी गायक कव्हरडेल आणि बेसवर ह्यूज आले, संगीतात फंक, म्हणजे नाचरा, ठेक्यावर चालणारा बाज शिरला. ब्लॅकमोरला ते रुचेना, १९७५मध्ये तो गेला. त्याच्या जागी आलेल्या गिटारिस्ट टॉमी बोलिनबरोबर एक अल्बम झाला आणि १९७६मध्ये बँड मोडला. १९८४मध्ये 'मशीन हेड' अल्बमवाले पाचही जण, म्हणजे ब्लॅकमोर, लॉर्ड, पेस, गिलन आणि ग्लोव्हर, परतले, तेव्हा 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' हे शीर्षकगीत उघडतं कशाने? ऑर्गनने.

१९९३मध्ये ब्लॅकमोर पुन्हा गेला. त्यानंतर आलेला गिटारिस्ट स्टीव्ह मोर्स २०२२पर्यंत टिकला. ब्लॅकमोरच्या दोन्ही खेपा मिळूनही एवढी वर्षं भरत नाहीत.

ब्लॅकमोरशिवाय ते रिफ सुचलेच नसते, हे कबूल. लॉर्डही २००२मध्ये बाहेर पडला, पण डॉन एअरी त्याच जागी हॅमंडच वाजवतो.

सुरुवात 'मशीन हेड'पासून करा, मग 'बर्न' हा अल्बम. 'मशीन हेड'मधलंही आधी 'लेझी' लावा, हेडफोन लावून. सुरुवातीला जे गुरगुरतं ती गिटार नाही. कुणी गिटार आहे म्हणालं, तर त्याच्याशी या विषयावर बोलूच नका.