तोच हिरो, त्याच पाच जणी

प्रश्न: हॅरेम रॉमकॉम ॲनिमे, म्हणजे एका हिरोमागे अनेक मुली असलेल्या जपानी प्रेम-विनोदी ॲनिमेशन मालिका, सगळे सारखेच का वाटतात हो? हिरो अडखळतो, नेमका कुणाच्या तरी अंगावर पडतो, थप्पड खातो, आणि बारा एपिसोडनंतरही कुणाला हो म्हणत नाही!

उत्तर: अहो, हो म्हटलं की दुकान बंद ना! बाकीच्या मुलींचे फॅन रुसणार, म्हणून एखादी मुलगी ऐन वेळी प्रेम कबूल करते आणि नेमके तेव्हाच फटाके वाजतात, आणि हिरो आपला 'काय म्हणालीस?' करत उभा, बहिरा मेला. 2000 च्या 'लव्ह हिना'तही हिरो पहिल्याच भागात मुलींच्या गरम पाण्याच्या कुंडात सापडतो. त्यापेक्षा 2019 चं 'द क्विंटेसेन्शियल क्विंटुप्लेट्स' बघा, त्यात सुरुवातीलाच लग्न दाखवलंय, फक्त पाच जुळ्या बहिणींपैकी नवरी कोण ते लपवलंय, त्यामुळे निदान एकीला तरी होकार मिळणार हे पक्कं.