वाचकांचे प्रश्न : कॉलेजचे कपडे आणि मनातली धाकधूक

प्रश्न : पुढच्या महिन्यात कॉलेज सुरू होतंय. शाळेत गणवेश असल्यामुळे रोज काय घालायचं हा विचारच कधी करावा लागला नाही. बाहेर घालण्याजोगे माझ्याकडे जेमतेम चार-पाच कपडे आहेत. तेच तेच घातलेले सगळ्यांच्या लक्षात येईल ना? किती कपडे असले म्हणजे पुरे?
– पहिल्या वर्षाला जाणारी विद्यार्थिनी

उत्तर : कॉलेज सुरू व्हायच्या आधी खरेदीला जाऊ नकोस. पहिले दोन आठवडे आहेत त्या कपड्यांवरच काढ. वर्गात गारठा असतो का, दिवसभरात चालणं किती होतं, प्रॅक्टिकल कुठल्या वारी असतं, हे तेवढ्यात कळतं. आधीच घेतलेले कपडे कपाटात पडून राहतात ते बहुतेक याच कारणाने : ते मनातल्या कॉलेजसाठी घेतलेले असतात.

धुणं आठवड्यातून एकदा होत असेल तर वरचे ६, खालचे ३ आणि अंगावर टाकायला एक जॅकेट किंवा स्वेटर पुरतं. दोनदा होत असेल तर वरचे ४ आणि खालचे २. अंतर्वस्त्रं आणि मोजे मात्र ८-९ जोड ठेव. त्यात काटकसर केली की सगळा आठवडा विस्कटतो.

६ आणि ३ यांच्या १८ जोड्या होतात, पण वरचा प्रत्येक कपडा खालच्या तिन्हींवर जात असेल तरच. गणित फसतं ते इथे. खालचेही नक्षीचे आणि वरचेही नक्षीचे घेतले, तर १८ पैकी घालण्याजोग्या पाच-सहाच उरतात. म्हणून खालचे तिन्ही एकरंगी घे : काळा, नेव्ही, करडा. वरच्या सहांत तीन साधे, दोन रेघांचे किंवा बारीक नक्षीचे आणि एखादाच भडक. दुकानात नवा कपडा हातात घेतलास की तो घरातल्या कुठल्या दोन कपड्यांवर जाईल ते आठव. तिथल्या तिथे सुचलं नाही तर परत ठेव.

आता लक्षात येण्याबद्दल. कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गायकाचा भलामोठा चेहरा छापलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून विद्यार्थ्याला इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचं आणि नंतर विचारायचं, हा टी-शर्ट किती जणांनी टिपला असेल? टी-शर्ट घालणाऱ्यांना वाटलं, जवळजवळ निम्म्यांनी. प्रत्यक्षात तो सांगता आला साधारण पाव जणांना. ही गत भडक टी-शर्टची, मग सोमवारचा निळा शर्ट गुरुवारी पुन्हा दिसला तर कोण हिशेब ठेवतंय?

प्रश्न : माझे बहुतेक कपडे मोठ्या भावाचे आहेत. कापड चांगलं आहे, पण अंगावर उसने दिसतात. एकदोघांनी बोलूनही दाखवलं. नवीन घेणं सध्या शक्य नाही.
– दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी

उत्तर : कपडा जुना आहे म्हणून उसना दिसत नाही, माप चुकलं म्हणून दिसतो. आणि माप बऱ्याच अंशी दुरुस्त होतं.

शर्ट घालून आरशासमोर उभा राहा आणि आधी खांदा बघ. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर यायला हवी. ती दंडावर दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरत असेल तर तो शर्ट बाजूला ठेव आणि बटणं उघडी टाकून टी-शर्टवर जॅकेटसारखा वापर. खांदा कमी करायचा म्हणजे बाही उसवायची, मुंढा (बाही जोडतात ती खाच) नव्याने कापायचा आणि बाही पुन्हा बसवायची. एवढं करून बाही पिळल्यासारखी बसण्याचा धोका राहतोच. खांदा बरोबर असेल तर बाकीचं सोपं आहे. दोन्ही बगलांपासून खालपर्यंत बाजू आत घ्यायला सांग. शिंप्याला माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड, कापू देऊ नकोस, आतच राहू दे, म्हणजे पुढे अंग भरलं तर उसवता येईल.

पँटची कंबर दोन इंचांपर्यंत कमी करता येते. त्याहून जास्त घेतली की मागचे खिसे एकमेकांना चिकटायला येतात आणि पँट कापून लहान केल्याचं लांबूनही कळतं. लांबी कमी करण्याआधी पँट एकदा धुऊन वाळव, कारण सुती कापड आटतं. खूण करून घेताना रोजचेच बूट पायात असू देत. लांबी वाढवायची असेल तर आतली दुमड उलगडून बघ : जीन्स असेल तर जुन्या घडीवर पांढुरकी रेघ पडलेली असते आणि ती धुऊन जात नाही. अशी जीन्स बाहेरून दुमडून घातलेलीच बरी.

कॉलरची घडी झिजून धागे निघाले असतील तर तेवढ्यासाठी शर्ट टाकू नकोस. झीज वरच्या बाजूलाच होते, खालची बाजू सहसा कोरी असते. शिंपी कॉलर पट्टीपासून उसवतो, उलटी करून पुन्हा शिवतो आणि शर्ट पुढची दोनेक वर्षं चालतो. कॉलरच्या टोकांना बटणं असतील तर मात्र काज्यांमुळे हे जमत नाही.

कापडावर आलेले बारीक गोळे नखाने ओढू नकोस, त्याने आणखी तंतू बाहेर येतात. ते काढायचं बॅटरीवरचं छोटं यंत्र मिळतं, नाहीतर कापड ताणून धरून रेझर अगदी हलक्या हाताने फिरव. काळे कपडे उलटे करून थंड पाण्यात धू आणि सावलीत वाळव. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून तयार कपड्याचा रंग पक्का होत नाही, त्यात वेळ घालवू नकोस.

प्रश्न : रोज अंघोळ करूनही दुपारपर्यंत टी-शर्टला वास येतो. वर्गात कुणाच्या शेजारी बसायला संकोच वाटतो.

उत्तर : दोष बहुधा टी-शर्टच्या कापडात आहे. आतलं लेबल वाच. पॉलिएस्टर घामातला तेलकट भाग धरून ठेवतं आणि वास निर्माण करणाऱ्या काही जिवाणूंची त्यावर सुतापेक्षा जास्त वाढ होते. म्हणून धुतलेला टी-शर्ट कपाटात ताजा वाटतो आणि अंगाच्या उबेने तासाभरात पुन्हा वास मारायला लागतो. रोजच्यासाठी सुती घे. असलेले पॉलिएस्टरचे कपडे उतरवल्याबरोबर बोळा करून टाकू नकोस, पसरून वाळू दे. बगलेचा भाग साबण लावून पंधरा मिनिटं ठेव आणि मग धू. फॅब्रिक सॉफ्टनर बंद कर, त्याचा थर तंतूंवर बसतो आणि वास आतच अडकतो.

घाम कमी करणारी रोल-ऑनसारखी उत्पादनं रात्री, कोरड्या त्वचेवर लावली तर जास्त काम करतात. पांढऱ्या कपड्यांवर बगलेत पिवळे डाग पडतात ते घाम आणि या उत्पादनांतले ॲल्युमिनियमचे क्षार एकत्र आल्याने. त्यावर क्लोरीनचं ब्लीच टाकलं तर डाग आणखी गडद होऊ शकतो, ऑक्सिजनवालं ब्लीच वापर. वास एकाएकी सुरू झाला असेल, किंवा घाम बसल्या जागी वाहण्याइतका येत असेल, तर डॉक्टरांना दाखव. त्यावर उपचार आहेत.

प्रश्न : लेगिंग्ज आणि सँडल घालून गेले म्हणून रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलमधून परत पाठवलं. एवढं कडक का?

उत्तर : इथे नियम बरोबर आहे. पॉलिएस्टर साधारण २५० अंश सेल्सियसच्या पुढे वितळतं, नायलॉनही वितळतं, आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. सुती कापड जळतं, पण वितळत नाही. सांडलेलं आम्ल सँडलमधून थेट पायावर जातं. प्रॅक्टिकलच्या दिवशी पूर्ण लांबीची सुती पँट, बंद बूट आणि बांधलेले केस, आणि गळ्यात सैल काही नको. कोट लांब बाह्यांचा, सुती आणि बटणं लावलेला. तोच कोट घालून कँटीनमध्ये जाऊ नकोस.

प्रश्न : मुलगी एका ठरावीक ब्रँडच्या बुटांसाठी हटून बसली आहे. ‘सगळ्यांकडे आहेत’ म्हणते. घेऊन द्यावेत का?
– एक आई

उत्तर : ‘सगळ्यांकडे’ म्हणजे नेमकं कुणाकुणाकडे, हे तिला शांतपणे विचारा. तीन-चार मैत्रिणींची नावं आली तर ही हौस आहे, आणि हौस असण्यात काही गैर नाही. वर्षाच्या कपड्यांची रक्कम ठरवा, ती तिच्या हाती द्या आणि निवड तिला करू द्या. बूट घेतले तर बाकी काय राहील, हा हिशेब तिने मांडला की वाद उरत नाही. नकली ब्रँड मात्र घेऊ नका. ते ओळखू येतील या भीतीने मुलं आणखीच आवळून वागतात.

कुठलेही बूट घेताना संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. एकाच महागड्या जोडापेक्षा दोन बरे जोड आलटून पालटून घातले तर जास्त टिकतात, कारण आतला ओलावा पुरता वाळायला दिवस लागतो.

पण उत्तरात नावांऐवजी रडू आलं, कॉलेज बुडवण्याची निमित्तं निघू लागली किंवा तिने डबा एकटीने खायला सुरुवात केली असेल, तर प्रश्न बुटांचा नाही. कुणीतरी तिला रोज टोचून बोलत असणार. तेव्हा कोण, कुठे, काय बोललं हे तारखेसह लिहून ठेवायला सांगा आणि ते घेऊन वर्गशिक्षकांना भेटा. नवे बूट घालून गेली तरी बोलणारे दुसरं काहीतरी शोधतील.

प्रश्न : सहा आठवडे झाले, अजून कुणाशी ओळख नाही. कपड्यांची पद्धत पूर्ण बदलून बघावी का?

उत्तर : नको. एकदम सगळं बदललंस तर नवे कपडे सावरण्यातच लक्ष जाईल, बोलणं राहूनच जाईल. पिट्सबर्ग विद्यापीठात रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसायला साधारण सारख्या चार तरुणींना एका मोठ्या वर्गाच्या तासांना वेगवेगळ्या प्रमाणात बसवलं : एकीला एकदाही नाही, बाकींना ५, १० आणि १५ वेळा. त्यांनी कुणाशी बोलायचं नव्हतं. सत्राच्या शेवटी फोटो दाखवले, तेव्हा जी जास्त वेळा येऊन बसली होती ती वर्गाला जास्त आवडली, आणि तिला आधी पाहिल्याचं बहुतेकांना आठवतही नव्हतं.

तेव्हा रोज त्याच भागात बस. तासाच्या पाच मिनिटं आधी पोच, कारण बोलणं होतं ते त्या पाच मिनिटांत. हेडफोन बॅगेत ठेव. सुरुवात कामाच्या प्रश्नाने कर : ‘मागच्या तासाची शेवटची आकृती उतरवलीयेस का?’ याला उत्तर देणं सोपं असतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलायला निमित्त मिळतं. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी भेटणारा एखादा गट धर, नाटकाचा, खेळाचा, वाचनाचा, कुठलाही. एकदाच होणाऱ्या मोठ्या कार्यक्रमांतून ओळखी फारशा टिकत नाहीत. कपड्यांत काही करायचंच असेल तर आवडत्या विषयाचा एखादा बिल्ला बॅगेला लाव, विचारणारा आपणहून विचारतो. हे सगळं महिनाभर करूनही झोप उडालेली असेल किंवा जेवण जात नसेल, तर कॉलेजच्या समुपदेशकांची वेळ घे.